दोन कप, एक अंगठा

हे प्रकरण दोन कपांचं आहे. दोन्ही माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, एकाच वेळी ऑनलाइन मागवले. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी. पुढचे आठ महिने एक तिच्या घरी राहिला आणि एक माझ्या टेबलावर. शेजारी शेजारी ते कधी आलेच नाहीत. पहिल्याच दिवशी आले असते, तर हे सगळं त्याच दिवशी उलगडलं असतं.

मोहिनी

ताईला ऑनलाइन सुंदर वस्तू बघण्याचा नाद आहे. रात्री सगळं आवरलं की ती फोन घेऊन बसते आणि विणलेल्या टोपल्या, लाकडात कोरलेले चमचे, तुकडे जोडून शिवलेली पांघरुणं, हाताने फुंकलेल्या काचेच्या बरण्या असं बघत राहते. विकत घेणं क्वचित. बघणं हेच मुख्य काम. हजारावर चित्रं तिने कप्पे पाडून जपली आहेत: ‘खिडकीपाशी’, ‘रिकामी भिंत’, ‘कधीतरी’. ‘कधीतरी’चा कप्पा सगळ्यात फुगलेला. मी तिला यावरून चिडवायचे, पण इतकं बघून बघून तिची नजर तयार झाली आहे हेही खरं. टोपलीचा काठ कुठे बळजबरीने वळवलाय, चमच्याच्या दांड्यात रेषा आडवी गेली की तो तिथेच मोडणार, हे तिला फोटोवरून कळतं. कापड आणि लाकूड तिला कळतं. मातीचं मात्र फारसं कळत नव्हतं.

तो कप राखाडी-हिरवा, बिनकानाचा. फोटोत खिडकीतून आलेला तिरपा उजेड, एका बाईचा हात, आणि कपाच्या अंगावर एक उथळ खळगा. त्या खळग्यात तिचा अंगठा असा बसला होता, जणू कप त्याच्याभोवतीच घडला असावा. खाली लिहिलं होतं, की घडवणाऱ्याचा अंगठा जिथे टेकला तिथेच तुमचाही टेकेल. पुढे नेहमीचं वाक्य: प्रत्येक नग एकमेव, आकार-रंगात किंचित फरक संभवतो, तीच हस्तकलेची ओळख.

ताईने लगेच दोन मागवले. स्वतःसाठी एक आणि बहिणीसाठी एक, यात आश्चर्य काही नाही. क्रिस्टोफ फुक्स, मार्टिन श्रायर आणि स्टाइन व्हान ऑसेलेर या संशोधकांनी २०१५ साली याच गोष्टीवर प्रयोग करून लिहिलं होतं. वस्तू तीच असली तरी ‘हाताने केलेली’ म्हटलं की लोकांना ती जास्त आवडते, कारण तिच्यात करणाऱ्याचं प्रेम उतरलंय असं त्यांना वाटतं. आणि जिवलग माणसासाठी घेताना हे जास्त जाणवतं. ताईने मला कप दिला तेव्हा वेगळ्या शब्दांत हेच म्हणाली होती. “कुणीतरी तुझ्यासाठी दाबलाय बघ,” असं काहीतरी.

दोन तक्रारी मात्र पहिल्या आठवड्यातच होत्या. कप फोटोतल्यापेक्षा लहान वाटत होता. आणि ताईच्या कपावर तळाजवळ तीन-चार ठिकाणी ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, लागलंच नव्हतं. खडबडीत, टक्कल पडल्यासारखे चट्टे. ती कप परत पाठवणार होती. मग “जाऊ दे, हाताने केलंय” म्हणून तिने जास्त चट्ट्यांची बाजू भिंतीकडे केली.

नखाची रेघ

आठ महिन्यांनी ती माझ्याकडे राहायला आली. कप बरोबर घेऊन आली होती. रात्री मी दोन्ही धुऊन पालथे घातले आणि पुसायला उचलले, दोन हातांत दोन. दोन्ही अंगठे आपोआप दोन खळग्यांत गेले. आणि दोन्ही अंगठ्यांना, खळग्याच्या वरच्या डाव्या कडेला, एकाच क्षणी एक बारीक उंचवटा लागला.

दिव्याखाली नेऊन बघितलं. चंद्रकोरीसारखी, तांदळाच्या दाण्याच्या निम्मी रेघ. दाबताना नख लागलं की उमटते तशी. दोन्हीवर त्याच जागी, तेवढीच लांब, त्याच कलाने.

ताईला दाखवलं. ती म्हणाली, “अगं, एकाच बाईने केलेत ना दोन्ही.”

“एकाच बाईचा अंगठा दोनदा त्याच जागी पडेल, ताई. नख दोनदा असं लागणार नाही.”

मी दोन वर्षं हौसेने चाकावर बसले आहे. कुंभारकामात मी अजून कच्ची; माझी भांडी एका बाजूला कलतात. पण कुठे बघायचं एवढं तिथे शिकले. चाकावरच्या भांड्यात आतून तळाशी बहुधा गोगलगायीच्या शिंपल्यासारखं वळण राहतं, बोटं मधून बाहेर सरकल्याचं. या कपांचा तळ आतून गुळगुळीत. चाकावर आतली बोटं आणि बाहेरची बोटं वेगवेगळी फिरतात, म्हणून आतल्या आणि बाहेरच्या वळ्या एकमेकींशी जुळत नाहीत. इथे बाहेर जिथे वळी, बरोबर तिथेच आत खोलगट; भिंतीची जाडी सगळीकडे सारखी. मग मोबाईलचा उजेड अगदी आडवा धरला. ग्लेझखाली काठापासून तळापर्यंत सरळ उतरणारी एक सूक्ष्म रेघ दिसली. समोरच्या बाजूला दुसरी. साच्याच्या दोन भागांचा जोड.

म्हणजे कप ओतीव होते. माती पाण्यात आणि थोड्या क्षारात घोळवून दाट रबडीसारखी करतात, ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी पितं, त्यामुळे साच्याच्या भिंतीलगत मातीचा थर धरतो. हवा तेवढा जाड झाला की उरलेला घोळ ओतून टाकायचा. थर सुकून आक्रसला की साच्यातून सुटतो. युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत प्लास्टरचे साचे रुळले आणि त्यांच्या जोरावर एकसारखी भांडी घरोघरी गेली. यात लबाडी काहीच नाही. प्लास्टर फार आज्ञाधारक असतं, एवढंच. ज्यावरून साचा घेतला त्यावरची बोटाची वळी, ओरखडा, नखाची रेघ, सगळं ते उचलतं आणि पुढच्या प्रत्येक नगाला निमूट देऊन टाकतं.

माझी सात वर्षांची भाची हे सगळं बघत उभी होती. तिने कप घेतला, अंगठा खळग्यात घातला, तो चपखल बसला. “हा माझ्या मापाचा आहे,” म्हणाली. तोवर लहान कपाची तक्रार आणि हा खळगा यांची सांगड माझ्या डोक्यात घातली गेली नव्हती.

मोजपट्टी

ओली माती भाजून निघेपर्यंत आक्रसते. आधी पाणी जातं, मग भट्टीत कण एकमेकांना चिकटून जवळ येतात. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक होणारी मातीची भांडी, १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, आणि त्यात एकूण दहा-तेरा टक्के आकुंचन सहज होतं. म्हणून ज्याला २० सेंटिमीटरची ताटली हवी, तो ओली २३ची करतो. चाकावर बसणाऱ्याला हे हळूहळू अंगवळणी पडतं.

आता समजा कुणी भाजलेला, पूर्ण झालेला कप विकत घेतला आणि त्यावरून साचा काढला. साच्यात ओतलेली माती पुन्हा तेवढीच आक्रसणार. नक्कल मूळ वस्तूपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी लहान निघणार, खळगाही तितकाच आकसणार. मोठ्या माणसाचा अंगठा लहान मुलीचा होणार.

आमचे कप मोजले. उंची ८.३ सेंटिमीटर, तोंड ७, खळग्याची रुंदी १४ मिलिमीटर. (जाता जाता: विक्रेत्याने उंची ८.३ अशी खरीच लिहिली होती. ताईने वाचली नव्हती. सेंटिमीटर वाचून कोण प्रेमात पडतं!) मग मूळ कपाचा शोध. फोटो टाकून तसेच फोटो शोधण्याची सोय वापरली. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगनावांनी पाच विक्रेते निघाले. सगळ्यांकडे तोच फोटो, तोच हात. त्यापलीकडे काही सापडेना. तेव्हा ताईने एक शक्कल काढली. फोटो आरशातल्यासारखा उलटा केला आणि पुन्हा शोधला. चोरलेला फोटो सहज सापडू नये म्हणून पुष्कळदा उलटवून टाकतात, हे तिला ठाऊक होतं. हजारो चित्रं बघितल्याचा हा फायदा. सहा वर्षांपूर्वीचा मूळ फोटो मिळाला, एका स्टुडिओ पॉटरच्या, म्हणजे एकटीने हाताने भांडी घडवणाऱ्या कुंभारबाईच्या, पानावर. तिथे मापं होती: उंची ९.५, तोंड ८.

८.३ भागिले ९.५ म्हणजे ०.८७४. ७ भागिले ८ म्हणजे ०.८७५. उंचीत आणि रुंदीत दोन्हीकडे साडेबारा टक्क्यांची घट. तिन्ही दिशांनी इतकी घट झाली की आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतं. ताईला कप “थोडा लहान” का वाटत नव्हता, चांगलाच लहान का वाटत होता, ते इथे कळलं.

एवढ्यावर कुणाला चोर ठरवता येत नाही. कुणी मुद्दाम लहान कपही करू शकतं. म्हणून आम्ही एक गोष्ट केली: मूळ खळगा किती रुंद असायला हवा ते आधी मांडलं, १४ भागिले ०.८७५, म्हणजे १६ मिलिमीटर. मग त्या पॉटरबाईंना लिहिलं. आकडा न सांगता विचारलं, त्या खेपेतला एखादा कप उरला असेल तर खळगा मोजून कळवाल का.

चार दिवसांनी उत्तर आलं. एक उरला होता. १६ मिलिमीटर.

कोण काय म्हणालं

विक्रेत्यालाही आम्ही विचारलं होतं. त्याचं उत्तर त्याआधीच आलं होतं: आमचा प्रत्येक कप कारागीर हाताने घडवतात. ताईने दोन्ही नखरेघांचा एकत्र फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे परत, कपही ठेवून घ्या. फोटो कुणाचा, या प्रश्नाला मात्र शेवटपर्यंत उत्तर नाही. मला वाटतं, विक्रेत्याला खरंच माहीत नसावं. घाऊक माल आला, त्याबरोबर फोटो आणि मजकूर आला, तो चढवला. साचा कुणी केला आणि कप कुणी विकले, यात मध्ये किती हात असतील कोण जाणे.

पॉटरबाई चिडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या थकलेल्या वाटल्या. हे दुसऱ्यांदा घडत होतं. आकाराची नक्कल सिद्ध करत बसणं त्यांना नको होतं. रोजच्या वापराच्या वस्तूच्या आकारावर हक्क सांगणं अनेक ठिकाणी अवघडच असतं. फोटोचं तसं नाही, तो ज्याने काढला त्याचा. त्यांनी फोटोपुरती तक्रार केली. पाचांपैकी तिघांनी काही दिवसांत तो काढला आणि त्याच कपाचे नवे फोटो टाकले. मजकूर तसाच ठेवला.

त्यांनी आम्हाला आणखी एक चित्र पाठवलं. ताईच्या संग्रहातल्या सगळ्या चित्रांपेक्षा मला ते आवडतं. एका फळीवर ओळीने आठ न भाजलेले कप. प्रत्येकावर खळगा. पण एकाचा वर, एकाचा खाली, एकाचा फार तिरका, एकाचा इतका उथळ की मन बदललं असावं. एकावर दोन दाब आहेत, पहिला चुकल्यासारखा. ताई ते किती वेळ बघत होती. एकेक कप सुटा बघितला असता तर तिला कुठलाच फोटोतल्याइतका सुंदर वाटला नसता, असं ती स्वतःच म्हणाली.

खुणेची गोष्ट

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म त्या फळीवर आहे. आपण ‘हाताने केलेलं’ ओळखायला खूण शोधतो: वाकडी रेष, बोटाचा ठसा, ओघळ. यंत्राने गुळगुळीतपणा स्वस्त केला तेव्हापासून हे चालू आहे. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच टोचून लिहिलं होतं, की हातकामातले दोष आता मानाचे झाले आहेत, कारण ते खर्चाची साक्ष देतात. पण एका वस्तूवरची एक खूण हीच नक्कल करायला सगळ्यात सोपी. साच्याला वाकडेपणाचं वावडं नाही. त्याला जमत नाही तो फरक: या नगापासून त्या नगापर्यंत हात थोडा सरकणं. हा फरक एका वस्तूत दिसतच नाही. दोन लागतात. आणि ऑनलाइन तर सहसा एकच दिसतो, निवडलेला, उजेडात धरलेला. ‘किंचित फरक संभवतो’ असं लिहिलेल्या त्या कपांत नेमका तेवढाच नव्हता.

ताई आता काही घेण्याआधी एकच विनंती करते: याच नमुन्याच्या तीन-चार नगांचा एकत्र फोटो पाठवाल का. खरे कारागीर खुशीने पाठवतात. शिवाय वस्तूच्या आतला आणि तळाचा फोटो मागते. भरतकाम असेल तर उलटी बाजू.

शब्दांवर तिचा भरवसा उडाला, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द ताणावा तितका ताणतो. आमची खरेदी जिथली होती ते ठिकाण वेगळं, पण एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेचाच प्रवास बघण्यासारखा आहे. २००५ साली हातकाम, जुन्या वस्तू आणि कलासाहित्य यांच्यासाठी ती बाजारपेठ सुरू झाली. २०१३ साली विक्रेत्यांना बाहेरच्या कारखान्यांकडून माल करून घेण्याची मुभा मिळाली. २०२४ साली मालावर ‘यांनी घडवलेलं’, ‘यांनी आरेखलेलं’, ‘यांनी निवडलेलं’, ‘यांनी मिळवलेलं’ अशा अर्थाच्या पाट्या लावायचं ठरलं. एका शब्दाचे चार तुकडे करावे लागले, यातच काय ते आलं.

आणि साचा म्हणजे हात नाही, असंही नाही. या मुद्द्यावर मी ताईशी बराच वेळ हुज्जत घातली. घोळ कुणीतरी हातानेच ओततो. जोडाची रेघ कुणीतरी ओल्या स्पंजाने पुसतो. आणि ग्लेझ. दोन्ही कप पुन्हा शेजारी ठेवून ग्लेझ बघ, म्हटलं. खळगे जुळे होते, ओघळ मात्र नव्हते. माझ्या कपावर हिरवा रंग एका बाजूला दाटून खाली आलाय, तिच्यावर काठाजवळच थांबलाय. मग तिचे ते टक्कल पडलेले चट्टे बघितले, भिंतीकडे लपवलेले. कप ग्लेझमध्ये बुडवताना तळाशी धरावा लागतो. जिथे बोटं, तिथे ग्लेझ लागत नाही. घाईचं काम असेल तर ती जागा नंतर रंगवून बुजवायला कुणी थांबत नाही. ते चट्टे बोटांचे होते. तीन बोटं एका बाजूला, अंगठा समोर.

सगळ्या कपावर खरा मानवी ठसा तेवढाच होता, आणि तो कुठल्याच फोटोत नव्हता.

जपानमध्ये १९२५च्या सुमारास यानागी सोएत्सू यांनी हमादा शोजी आणि कवाई कांजिरो या कुंभारांबरोबर ‘मिंगेई’ हा शब्द घडवला, सामान्य लोकांची कला अशा अर्थाचा. तेच काम शेकडो वेळा करणाऱ्या अनाम कारागिरांच्या साध्या वस्तूंत यानागींना सौंदर्य दिसायचं, आणि अशा वस्तूंसाठी १९३६ साली टोकियोत त्यांनी संग्रहालय उभं केलं. हमादा आपल्या भांड्यांवर सहसा सही करत नसत. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे सही होती ती, आणि मी पैसे परत मागणार होते.” मला हे थोडं ताणलेलं वाटलं. दिवसाला शेकडो कप बुडवणाऱ्या माणसाला आपल्या बोटांचं कौतुक असेल की कंटाळा, हे आपण कोण ठरवणार? पण वाद घातला नाही.

पुढे

ताईने पॉटरबाईंकडे एक कप मागवला. तयार नव्हताच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणत्या हाताने धरता?” ताई डावखुरी. मूळ खळगा उजव्या अंगठ्याच्या कलाने तिरका होता, त्यामुळे आठ महिने तिचा अंगठा कडेवर चढत होता. तिला वाटायचं आपली धरण्याची पद्धत चुकतेय.

घडवणं, सावकाश सुकवणं, दोन भाजण्या, आणि मध्ये एकदा भट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबणं. अकरा आठवडे लागले. कप आला तो हातात भरतो, जुन्यापेक्षा चांगला थोराड आहे आणि खळगा तिच्या कल्पनेपेक्षा बोटभर खाली आहे. पहिले दोन दिवस तिला तो आवडला नाही. आता दुसऱ्या कुणाला धरू देत नाही.

जुना कप तिने टाकला नाही. त्यात पेनं असतात, आणि चट्ट्यांची बाजू आता खोलीकडे आहे. परवा तिने फोनवर विचारलं, तुझ्या कपावर बोटं कशी आहेत गं. मी उठून बघितलं. माझ्यावर तीन नाहीत. एकच आहे, आणि ते जरा घसरलेलं आहे.